झैनब : ‘बापाचं भूषण’ की सुवासिक झाड? अर्थ, उगम, प्रसार आणि मराठीत लिहायचं कसं

सह्यपाखरू (धागा)

नावांच्या संकेतस्थळांवर ‘झैनब’ शोधलं की तीन अर्थ हमखास मिळतात : बापाचं भूषण, सुवासिक झाड आणि मौल्यवान रत्न. त्याखाली शुभ अंक, शुभ रंग, ‘या नावाच्या मुली हळव्या असतात’ वगैरे चऱ्हाट. रत्न कुठून उपटलं ते देवच जाणे. नाव अरबी, इस्लामच्याही आधीचं, आणि त्याला रास चिकटवलेली!

जाणकारांकडून हवंय ते असं : धातू कोणता, या अर्थांपैकी टिकणारा कुठला, नाव एवढं पसरलं कशामुळे, आणि मराठी कागदपत्रांत जैनब, झैनब, ज़ैनब, झैनाब यांतलं काय लिहावं. अरबी-उर्दू येणाऱ्यांनी अक्षरांची नावं देवनागरीत सांगावीत, म्हणजे लिपी न येणाऱ्यांनाही धागा वाचता येईल.

---

नून_गुन्ना

अक्षरं चार : ज़े (अरबीत झाय), ये, नून, बे. उच्चार ‘ज़य्-नब’. जोर पहिल्या अवयवावर, दुसऱ्यातला ‘अ’ ऱ्हस्व. ‘नाब’ नाही.

‘बापाचं भूषण’ हा अर्थ ज़ैन (शोभा) + अब (बाप) अशी फोड करून काढतात. फोड कानाला गोड लागते आणि जुन्या अरबी कोशकारांनीही ती एक मत म्हणून नोंदवली आहे, त्यामुळे ती आजच्या संकेतस्थळांनी रचली असं म्हणता येणार नाही. पण त्याच कोशकारांनी नाव ज़े-नून-बे या धातूखाली ठेवलंय, ज़े-ये-नून (शोभणं, सजणं) या धातूखाली नाही. म्हणजे त्यांच्या लेखी मधला ‘ये’ मूळचा नव्हे, साच्यातून आलेला.

तो साचा अरबी व्याकरणात ‘फैअल’ म्हणून ओळखला जातो. तीन मूळ व्यंजनं घ्यायची, पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये ‘ऐ’ घालायचा. उदाहरणं आपल्या ओळखीचीच आहेत. हे-दाल-रे पासून हैदर, म्हणजे सिंह. साद-काफ-लाम (घासून चकाकी आणणं) पासून सैकल. त्याला फारसी ‘गर’ लागून सैकलगर, आणि तेच आपल्याकडचं शिकलगार. ज़े-नून-बे याच साच्यात ओतलं की ज़ैनब मिळतं. काहीही तोडायला-जोडायला लागत नाही.

या धातूखाली इब्न मंज़ूरच्या ‘लिसान अल-अरब’मध्ये (इब्न मंज़ूरचा मृत्यू १३११) दोन गोष्टी सापडतात. एक, ज़ैनब हे दिसायला देखणं आणि वासाला छान असं झाड, त्यावरून बाईचं नाव. दोन, ‘ज़नब’ म्हणजे अंगाने भरणं, लठ्ठ होणं. ‘अज़नब’ म्हणजे लठ्ठ, आणि त्यावरूनही बाईचं नाव आलं असं एक मत. हा दुसरा अर्थ नावांच्या यादीत कोणी छापत नाही, कारण उघड आहे! जुन्या अरबी समाजात भरलेलं अंग ही खाण्यापिण्याची सुबत्ता असल्याची खूण होती, टोमणा नव्हता, हे लक्षात घेतलं तर त्यात खटकण्यासारखं काही उरत नाही.

झाड नेमकं कुठलं, हे कोशात दिलेलं नाही. तेव्हा ‘ज़ैनब म्हणजे निशिगंध’, ‘ज़ैनब म्हणजे जाई’ असं जिथे दिसेल तिथे ते लिहिणाऱ्याच्या पदरचं समजावं. रत्न तर कुठल्याच धातूत बसत नाही.

---

खवट_खोबरं

नून_गुन्ना, साच्याचं पटलं. पण जोडनाव असण्याला व्याकरणाचा अडथळा काय? बअलबक्क हे लेबनॉनमधलं शहर ‘बअल’ + ‘बक्क’ असंच आहे ना? अरबीत दोन शब्द वितळून एक विशेषनाम झाल्याची उदाहरणं आहेत.

---

नून_गुन्ना

रास्त शंका. अडथळे असे.

विभक्ती बघा. ‘ज़ैनु अबिन’ असा षष्ठीचा जोड असता तर वाक्यातल्या जागेप्रमाणे पहिल्या शब्दाचा शेवट बदलला असता (ज़ैनु, ज़ैना, ज़ैनि) आणि दुसऱ्याला कायम ‘-इन’ राहिला असता. ज़ैनब तसं वागत नाही. ते कर्ता असताना ज़ैनबु, कर्म असताना ज़ैनबा आणि षष्ठीतही ज़ैनबा. शेवटी ‘न’चा ध्वनी (तनवीन) कधीच नाही. तीनपेक्षा जास्त अक्षरांचं स्त्रीचं विशेषनाम, शेवटी स्त्रीलिंगाचं ‘ते’ हे अक्षर नसलं तरी, असंच चालतं. अरबी व्याकरणाच्या पहिल्या वर्षाला या नियमाचं उदाहरण म्हणून बहुधा ज़ैनबच देतात.

बअलबक्कसारखा वितळलेला जोडही तनवीन घेत नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. मात्र त्यात पहिल्या भागाच्या शेवटी ‘अ’ राहतो : बअल-अ-बक्क. त्या न्यायाने ज़ैन-अ-अब, म्हणजे फार तर ‘ज़ैनाब’ व्हायला हवं होतं. ज़ैनब होण्यासाठी मधला ‘अ’ही जायला हवा आणि ‘अब’च्या सुरुवातीचा हम्ज़ाही (घशातला अडकाव दाखवणारं अक्षर). ‘फार वापराने हम्ज़ा गळला’ असं समर्थन देतात. साचा आयता असताना एवढी कसरत कशाला?

मला सर्वात वजनदार वाटतो तो शब्दप्रयोगाचा मुद्दा. ‘बापाचं भूषण’ अरबीत म्हणायचं तर ‘तिच्या बापाचं’ असं सर्वनाम लागतं. प्रेषितांची मुलगी फातिमा यांची उपाधी पाहा : उम्म अबीहा, ‘आपल्या बापाची आई’. त्यातलं ‘-हा’ म्हणजे ‘तिच्या’. नुसतं ‘ज़ैन अब’ म्हणजे ‘कोणा एका बापाची शोभा’. असं नाव कोण ठेवील?

---

खवट_खोबरं

हे ‘तिच्या’चं प्रकरण पटलं. हरकत मागे.

---

समुद्रकाठ

तरीही ‘बापाचं भूषण’ हा अर्थ एवढा का रुजला, ते सांगायला हवं. ज़ैनब बिन्त अली ही प्रेषितांचे जावई अली आणि फातिमा यांची मुलगी. वडील अली, आणि मुलीने करबलाच्या लढाईनंतर त्यांच्याच धाटणीचं वक्तृत्व दाखवलं असं परंपरा मानते. तिथे ‘बापाची शोभा’ हा अर्थ इतका चपखल बसतो की मजलिशीत (शियांच्या शोकसभेत) बोलणारा तो सोडणारच नाही. भाषाशास्त्रात तो कच्चा असला तरी श्रद्धेत पक्का आहे. नाव ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात आज हाच अर्थ असेल, तर त्यांच्यापुरता तो खराच. निमंत्रणपत्रिकेवर तो छापायला हरकत नाही. कोशात मात्र ‘लोकव्युत्पत्ती’ असा शेरा मारून द्यावा.

---

तारीखवार

अर्थावरून बरंच झालं. प्रसाराचं मूळ अर्थात नाही, माणसांत आहे. सातव्या शतकातल्या मक्का-मदिनेत या नावाच्या किती बायका होत्या बघा :

ज़ैनब बिन्त मुहम्मद, प्रेषितांची थोरली मुलगी. जन्म प्रेषितत्वाच्या आधीचा, म्हणजे नाव तेव्हाच मक्केत रुळलेलं होतं. मृत्यू हिजरी ८ (इ.स. ६२९).

ज़ैनब बिन्त खुज़ैमा, प्रेषितांची पत्नी. गोरगरिबांना खाऊ घालायची म्हणून उपाधी ‘उम्म अल-मसाकीन’. लग्नानंतर काही महिन्यांतच वारली.

ज़ैनब बिन्त जहश, हीही पत्नी. हिच्याविषयी नावाच्या दृष्टीने फार कामाची नोंद हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचन-आचाराच्या नोंदींत) आहे. हिचं मूळ नाव बर्रा, म्हणजे सदाचारी. ‘ही स्वतःच स्वतःला पवित्र म्हणवते’ असं लोक म्हणू लागले, तेव्हा प्रेषितांनी नाव बदलून ज़ैनब ठेवलं. प्रेषितांच्या आणखी एक पत्नी उम्म सलमा, त्यांच्या मुलीचंही असंच बर्राचं ज़ैनब झालं. आत्मस्तुती वाटेल असं नाव काढून त्या जागी साधं, प्रचलित नाव दिलं, असा याचा सरळ अर्थ होतो. ‘रत्न’ किंवा ‘भूषण’ हा अर्थ त्या काळी ऐकणाऱ्याला जाणवत असता तर एक स्तुती काढून दुसरी ठेवण्यात काय हशील होतं? नून_गुन्ना यांच्या बाजूने हा आणखी एक पुरावा.

आणि हो, खैबरमध्ये विषारी मांस वाढणारी ज़ैनब बिन्त अल-हारिस ज्यू होती. तेव्हा नाव अरबी भाषेचं होतं, एका धर्माचं नव्हे.

कुराणात ‘ज़ैनब’ हा शब्द नाही. ३३व्या सूरेच्या ३७व्या आयतीत जहशच्या मुलीचा प्रसंग आहे, पण तिथे नाव येतं ते तिच्या आधीच्या नवऱ्याचं, ज़ैदचं. कुराणात नावाने आलेली स्त्री एकच, मरियम. ‘कुराणातली नावं’ या मथळ्याखाली ज़ैनब दिसलं तर ती यादी न तपासता केलेली आहे असं खुशाल समजा.

पुढच्या काळातली दोन नावं सांगतो. मराकेशची ज़ैनब अन-नफ्ज़ाविया, अकराव्या शतकातल्या यूसुफ इब्न ताशफीनची राणी, राज्यकारभारात सल्ला देणारी म्हणून इतिहासात नोंदलेली. आणि दमास्कसची ज़ैनब बिन्त अल-कमाल (मृत्यू १३३९), हदीस शिकवणारी. प्रवासी इब्न बतूता १३२६ साली दमास्कसला पोचला तेव्हा त्याला ज्यांच्याकडून हदीस पुढे सांगण्याची अनुमतिपत्रं मिळाली, त्या विद्वानांत ती होती.

---

अंजीरवाडी

झेनोबिया राणीचा संबंध? मुंबईत पारशी मुलींत झेनोबिया हे नाव चांगलंच आहे. तेच अरबीत ज़ैनब झालं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं.

---

तारीखवार

ऐकायला जवळची वाटतात, म्हणून जोडली जातात. झेनोबिया ही सीरियातल्या पाल्मायराची (तदमुर) राणी. रोमन सम्राट ऑरेलियनने तिला २७२ साली पकडलं. झेनोबिया हे तिचं ग्रीक रूप, त्यात ‘झ्यूस’ देवाचं नाव दडलेलं. पाल्मायराच्या स्वतःच्या भाषेतल्या शिलालेखांत ती ‘बत-ज़ब्बाई’ आहे, म्हणजे ज़ब्बाईची लेक. तिथे ‘न’ कुठेच नाही. अरबी दंतकथांतही तिची आठवण ‘अज़-ज़ब्बा’ या नावाने राहिली, आणि इतिहासकार तबरी तिचं खरं नाव नाइला देतो. तिला ज़ैनब म्हणून ओळखण्याची परंपराच नसेल, तर ज़ैनब तिच्यावरून आलं म्हणणं अवघड. पारशी झेनोबिया थेट ग्रीक-रोमन इतिहासातली, इंग्रजी वाचनातून आलेली.

---

समुद्रकाठ

करबलाचा भाग मी पुरा करते, कारण नावाच्या प्रसाराचं मोठं इंजिन तेच आहे.

१० मुहर्रम ६१ हिजरी, म्हणजे १० ऑक्टोबर ६८०. भाऊ हुसैन मारले गेले, ज़ैनबची मुलं औन आणि मुहम्मद याच लढाईत गेली. उरलेल्या बायकामुलांना कैद करून आधी कूफा आणि मग दमास्कसला खलीफा यज़ीदच्या दरबारात नेलं. दोन्ही ठिकाणी ज़ैनबने केलेली भाषणं शिया परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात. हुसैन यांचा मुलगा, म्हणजे तिचा भाचा, अली ज़ैनुल आबिदीन आजारी असल्याने लढला नव्हता. त्याचा जीव वाचवण्यातही तिचा वाटा मानतात. करबलाची हकीकत जगापुढे आणणारी ती, म्हणून मजलिशीत तिचं स्थान इतकं वरचं.

(इथेच एक घोळ निपटून टाकते. ज़ैनुल आबिदीन, ज़ैनुद्दीन, ज़ीनत ही सगळी ज़े-ये-नून धातूची, शोभेवाली. ज़ैनबशी त्यांचं धातूचं नातं नाही. ज़ेबुन्निसातलं ‘ज़ेब’ तर फारसी.)

दमास्कसच्या दक्षिणेला सय्यदा ज़ैनबचा दर्गा आहे आणि त्या उपनगराचं नावही तेच. कैरोतही सय्यदा ज़ैनब मशीद आहे. तिथल्या परंपरेनुसार ती इजिप्तमध्ये येऊन वारली. शियांची यात्रा मुख्यतः दमास्कसला. कैरोत सुन्नी सूफी मंडळी रजब महिन्यात मोठा मूलिद (उरुसासारखा उत्सव) भरवतात, आणि तिथला मोहल्ला, मेट्रोचं स्थानक, सगळंच सय्यदा ज़ैनब. या कैरोच्या मशिदीतली चांदीची ज़रीह (कबरीभोवतीची जाळी) मुंबईस्थित दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी दिलेली आहे. बोहऱ्यांमध्ये झैनब नाव घरोघरी का, याचं उत्तर त्या जाळीत मिळतं.

म्हणून हे नाव शिया-सुन्नी असं वाटलं जात नाही. सुन्नी घरात ते प्रेषितांची मुलगी आणि पत्नी यांच्यावरून येतं, शिया घरात अलींच्या मुलीवरून. ‘कनीज़ ज़ैनब’ (ज़ैनबची सेविका) दिसलं तर घर शिया असण्याची शक्यता दाट. इराणमध्ये हिच्या जन्मदिवशी, ५ जमादिल अव्वलला, परिचारिका दिन पाळतात. करबलानंतर तिने आजारी आणि अनाथांची शुश्रूषा केली म्हणून.

---

उच्चारवेडा

आता माझ्या आवडीचा भाग. एकच नाव प्रत्येक भाषेने आपल्या तोंडाला बसवून घेतलंय.

तुर्कीत शब्दाच्या शेवटी ‘ब’ टिकत नाही, त्याचा ‘प’ होतो. किताबचं किताप, रजबचं रेजेप, तसं ज़ैनबचं ज़ेयनेप. पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की ‘ब’ परत येतो : लिहिताना ज़ेयनेप तसंच ठेवतात, बोलताना मात्र ‘ज़ेयनेबिन’.

बोस्नियात शेवटी ‘आ’ लागून ज़ेयनेबा. मोरोक्को-अल्जीरियात ‘ऐ’ दाबला जातो, म्हणून ज़िनेब. हौसा आणि स्वाहिलीत शब्द स्वरान्त हवा असतो, म्हणून ज़ैनाबू. सेनेगलच्या वोलोफमध्ये ‘ज़’ हा ध्वनीच नाही, तिथे सेनाबू. मल्याळमलाही ‘ज़’ नको, तिथे सैनबा. तमिळमध्ये जैनंबू. बांगलात जयनब. जावामध्ये जैनब, ज़ैनब दोन्ही.

लाडाची नावं : इजिप्तमध्ये ज़न्नूबा आणि ज़ूबा. ज़न्नूबाचा तिथे दुसरा अर्थ रबरी हवाई चप्पल असाही आहे, तेव्हा कैरोतल्या मैत्रिणीला हाक मारताना संदर्भ सांभाळा. तुर्कीत ज़ेयनो. आपल्याकडे जैनू.

मराठी वाचकांसाठी एक चांगली बातमी. अरबीतला ‘अय्’ हा जोडस्वर मराठी ‘ऐ’शी (अइ, जसा ‘ऐक’मध्ये) छान जुळतो. हिंदीत ‘ऐ’ पसरट होतो आणि नाव ‘ज़ॅनब’च्या जवळ जातं. स्वराच्या बाबतीत आपला उच्चार सरस. गाडी अडते ती पहिल्या व्यंजनावर.

---

सह्यपाखरू

भारी! लोकप्रियतेचे आकडे कोणी देईल का?

---

तारीखवार

आकड्यांआधी एक सावधगिरी. इंग्लंड-वेल्स आणि अमेरिका, दोन्हीकडच्या सरकारी याद्या रोमन स्पेलिंगप्रमाणे मोजतात. ‘ए-आय’वालं, ‘ए-वाय’वालं, ‘ई-आय’वालं, ज़ेयनेप, ज़िनेब ही तिथे पाच वेगळी नावं. त्यामुळे ‘झैनब अमक्या क्रमांकावर’ हे विधान नेहमी खऱ्यापेक्षा खालचं असतं. तुलना करायची तर सगळ्या रूपांची बेरीज करूनच. अमेरिकेच्या यादीत पाचपेक्षा कमी मुलींना ठेवलेली नावं गाळतात, म्हणजे दुर्मीळ स्पेलिंगं तर दिसतच नाहीत.

तुर्कस्तानात स्पेलिंग एकच, म्हणून तिथलं चित्र स्वच्छ. एकूण स्त्रियांत फातमा, आयशे, एमिने, हातिजे यांच्याबरोबर ज़ेयनेप वरच्या पाचात. मजा अशी की बाकीची चार आता आजीची नावं झालीत. नवजात मुलींच्या यादीत मात्र ज़ेयनेप २०१०च्या दशकात वारंवार पहिल्या क्रमांकावर होतं. आजी आणि नात दोघींना शोभणारं नाव तिथे दुसरं चटकन आठवत नाही. अलीकडे आसेल, देफ्ने अशी नवी नावं स्पर्धेत आली आहेत. अझरबैजानमध्येही ते वरच्या नावांत असतं. इराणमध्ये फातिमा आणि ज़हरा यांच्या मागे.

भारतात जन्मनोंदणीतून नावांची अशी क्रमवारी जाहीर होत नाही. कुठे ‘भारतात २३वा क्रमांक’ वगैरे दिसलं तर तो त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या भेटींचा हिशेब असतो.

---

दप्तरखाना

मराठीत लिहायचं कसं, यावर. हा भाग नीट वाचा, पुढचे हेलपाटे वाचतील.

‘जैनब’ : जुन्या सातबाऱ्यांत, शाळेच्या जनरल रजिस्टरांत हेच. मराठीत ‘जै’ नेहमी तालव्य वाचला जातो, ‘जैन’मधल्यासारखा. ‘जर’, ‘जागा’मधला ‘ज’ इथे येत नाही. त्यामुळे वाचणारा ‘ज्यैनब’च म्हणणार, आणि त्यावरून कोणी रोमन लिहिलं की ‘जे’ने सुरुवात.

‘झैनब’ : मराठी वर्तमानपत्रांची रीत. झीनत, झाकीर, झुबेर लिहितात तसंच. वाचक ‘झ’ पाहून झेड समजतो. नव्या नोंदीसाठी माझं मत यालाच.

‘ज़ैनब’ : उच्चाराला सर्वात प्रामाणिक, पण मराठी वर्णमालेत नुक्ता नाही आणि पुष्कळ सरकारी अर्जांत तो टिकत नाही. शिवाय संगणकात नुक्त्याचा ‘ज़’ दोन तऱ्हेने साठवला जातो : एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘ज’ अधिक वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्याला सारखंच दिसतं, शोध घेतला की सापडत नाही. लेखात खुशाल वापरा, दाखल्यावर नको.

‘झैनाब’ : ही यंत्राची देणगी. रोमन अक्षरांवरून आपोआप देवनागरी करणारी साधनं शेवटच्या ‘ए’ला ‘आ’ समजतात. महाराष्ट्रातला जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. अर्ज भरताना इंग्रजी रकाना तपासतात आणि मराठी रकाना तसाच जातो. छपाईआधी मसुदा दाखवतात तेव्हा दोन्ही रकाने अक्षर-अक्षर वाचा.

क्रम असा ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते. १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत (जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम १४). म्हणून स्पेलिंगचा वाद घरात मिटवूनच निबंधकाकडे जा, घाई नसते. लेखनचूक राहिली तर दुरुस्ती कलम १५ खाली. जन्मदाखला पक्का झाल्यावर आधार, मग शाळा, मग पासपोर्ट. प्रत्येक ठिकाणी जन्मदाखल्याचीच अक्षरं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा ‘ए-आय’चं ‘ए-वाय’ करण्यासारख्या हौसेपायी एक संधी घालवू नका. मोठेपणी नाव बदलायचं तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्धी.

आखातात जाणाऱ्या कोकणी कुटुंबांनी आणखी एक बघावं. तिथल्या निवासी ओळखपत्रांवर नाव अरबीतही येतं आणि ते पासपोर्टच्या रोमनवरून लिहिलं जातं. पासपोर्टवर ‘जे’ असेल तर अरबीत ज़ेऐवजी जीम (‘ज’चं अक्षर) पडण्याची शक्यता, आणि मग तिथल्या माणसाला हे ओळखीचं नाव आहे हेच कळत नाही. अर्जावेळी ‘झाय, ये, नून, बे’ असं अरबी स्पेलिंग सोबत द्या.

जुनी कागदपत्रं जुळवताना : जैनब, जैनबबी, जैनबी ही एकाच बाईची रूपं असू शकतात, कारण दख्खन-कोकणात ‘बी’ हा आदराचा प्रत्यय सरसकट लागत असे. जैतूनबी मात्र वेगळं नाव, जैतून म्हणजे ऑलिव्ह. मोडीतून देवनागरी करताना आणि खराब झालेल्या पानांवर ही दोन एकमेकांत घुसतात. वारसनोंदीत वडिलांचं आणि नवऱ्याचं नाव, गट क्रमांक आणि फेरफार क्रमांक जुळल्याशिवाय दोघींना एक मानू नये.

---

अंजीरवाडी

दप्तरखाना, संग्राह्य प्रतिसाद! शेवटचं एक : नाव अरबी अक्षरांत लॉकेटवर किंवा पाळण्याच्या पाटीवर कोरून घ्यायचं असेल तर काय बघावं? सोनाराला लिपी येत नाही आणि आपल्यालाही.

---

नून_गुन्ना

नुक्ते मोजा. ज़े पुढच्या अक्षराला जोडली जात नाही, म्हणून पहिलं अक्षर सुटं आणि उरलेली तीन एका ओळीत जोडलेली. या तिघांचे सांगाडे जवळजवळ सारखेच : दोन दातरे आणि शेवटी पसरट होडी. फरक सगळा नुक्त्यांचा.

उजवीकडून : ज़ेवर एक, वर. मग ये, दोन, खाली. मग नून, एक, वर. शेवटी बे, एक, खाली. एकूण पाच, वर दोन आणि खाली तीन.

कारागिराने नुक्ते इकडचे तिकडे केले तर होतं काय? पहिल्या दातऱ्याखाली एक आणि दुसऱ्याखाली दोन पडले की शब्द वाचला जातो ‘ज़बीब’, म्हणजे मनुका. नुक्ते तेव्हाही पाचच, पण वर एक आणि खाली चार. म्हणून नुसती बेरीज पुरत नाही, वर-खाली वेगळं मोजायचं.

दुसरी चूक संगणकाची. कोरीवकामाच्या काही जुन्या प्रणालींना उजवीकडून डावीकडे लिहिणं जमत नाही. चारही अक्षरं सुटी आणि उलट क्रमाने येतात. अक्षरं सुटी दिसली की काम थांबवा. मजकूर टाइप करून पाठवण्याऐवजी नाव चित्र म्हणून, शक्यतो रेषांच्या फाइलमध्ये द्या. आणि कुठल्या फाँटमध्ये ते तपासा : नस्तालीकमध्ये शब्द तिरका उतरतो, नुक्ते एकमेकांजवळ येतात, बारीक लॉकेटवर ते चिकटून एक होतात. सेंटिमीटरभर रुंदीच्या पाटीला नस्ख घ्या, त्यात अक्षरं आडवी बसतात आणि ये खालचे दोन नुक्ते स्पष्ट राहतात.

---

अंजीरवाडी

वर दोन, खाली तीन. सोनाराला हेच लिहून देते.

---

खवट_खोबरं

आणि मनुका आल्याच तर शिऱ्यात घालायच्या.